मेल पाठवला, पण अडला कुठे? मेलिंग लिस्टच्या नव्या ॲडमिनसाठी

"कालचा मेल मला आलाच नाही."

ग्रुपची मेलिंग लिस्ट अंगावर घेतली की पहिल्या आठवड्यातच हे वाक्य ऐकू येतं आणि पुढे ते मुक्कामालाच येतं. नवा ॲडमिन गडबडतो. सेटिंग्जचं पान उघडून दोन-चार खुणा इकडच्या तिकडे करतो, मेल पुन्हा पाठवतो. आता काहींना तोच मेल दोनदा मिळतो आणि ज्याची तक्रार होती त्याला तरीही मिळत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मी काही वर्षं एका अभ्यासगटाची लिस्ट सांभाळतोय. सभासद सहाशेच्या घरात. सुरुवातीला मीही हेच उद्योग केले. मग लक्षात आलं की ‘मेल आला नाही’ ही एक तक्रार नाही, चार तक्रारी आहेत. मेल लिस्टच्याच दारात अडला असेल. किंवा लिस्टच्या सर्व्हरने पाठवला, पण समोरच्या सर्व्हरने घेतला नसेल. किंवा घेतला आणि स्पॅममध्ये टाकला असेल. किंवा व्यवस्थित पोचला आणि सभासदाने स्वतःच कधीतरी लावलेल्या फिल्टरने तो भलत्याच फोल्डरात नेऊन ठेवला असेल. चारही ठिकाणचे उपाय वेगळे आहेत. आधी जागा शोधायची, मग हात घालायचा.

(लिस्टच कशाला, सगळ्यांना बीसीसीत टाकून पाठवू, असं सुचवणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० पत्त्यांच्या वर मेल जात नाही, उत्तरं सगळ्यांपर्यंत पोचत नाहीत, आणि नाव काढून घ्यायचं तर त्या एका माणसाच्या मागे लागावं लागतं. हा विषय इथेच संपवू.)

पायरी १: तक्रार नीट लिहून घ्या

तीन गोष्टी विचारा. कोणाचा मेल आला नाही? कधीचा? आणि लिस्टवर तुमचा पत्ता नेमका कोणता आहे? तिसऱ्या प्रश्नावर लोक जरा चिडतात, पण बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. ऑफिसच्या पत्त्यावरून सभासद झालेला माणूस घरच्या मेलबॉक्समध्ये शोधत बसलेला असतो.

मग इतर दोन-चार जणांना विचारून तक्रारीचा आकार पाहा. रोगाचं नाव बहुतेक वेळा त्या आकारावरूनच कळतं. मेल कोणालाच आला नसेल तर तो लिस्टच्या दारात अडलाय. एकाच सभासदाला कोणाचेच मेल येत नसतील तर त्याचं सभासदत्व तरी बंद पडलंय किंवा त्याचा फिल्टर तरी खातोय. एकाच कंपनीची मेलसेवा वापरणाऱ्या सगळ्यांना काहीच मिळत नसेल तर तुमच्या सर्व्हरची पत त्या कंपनीकडे घसरली आहे. आणि एकाच माणसाचे मेल बऱ्याच जणांना मिळत नसतील, बाकीच्यांचे मात्र सुरळीत येत असतील, तर ते चौथ्या पायरीवरचं दुखणं. ते सगळ्यांत चकवणारं आहे.

पायरी २: आधी घरात शोधा

लिस्टचं संग्रह-पान उघडा. मेल तिथे दिसत असेल तर लिस्टने तो स्वीकारला, पुढे जा. दिसत नसेल तर मॉडरेशनची रांग, म्हणजे ॲडमिनच्या मंजुरीसाठी थांबवलेले मेल, पाहा. तिथे अडकलेल्या मेलची कारणं ठरलेली असतात. पाठवणारा सभासद आहे, पण या वेळी मोबाइलवरच्या दुसऱ्या खात्यावरून पाठवलंय, त्यामुळे लिस्टच्या लेखी तो परका. किंवा जोडपत्र फार मोठं. इथे एक बारकावा: मेलमधून जाताना फाइल साध्या अक्षरांत रूपांतरित होते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणून ३ एमबीची फाइल ४ एमबीच्या मर्यादेला जाऊन टेकते आणि पाठवणारा म्हणतो, "पण माझी फाइल तर तीनचीच होती."

दोन पत्ते वापरणाऱ्या सभासदासाठी उत्तम उपाय म्हणजे दोन्ही पत्ते लिस्टवर घ्यायचे आणि एकाला ‘मेल नको’ ही खूण लावायची. मग तो कुठूनही लिहू शकतो, वाचायला मात्र एकाच ठिकाणी मिळतं.

एक तक्रार मात्र मुळातच खोटी असते आणि नव्या ॲडमिनचे तास खाते: "मी लिस्टवर मेल टाकला, पण मला स्वतःलाच तो परत आला नाही." माणूस जीमेल वापरत असेल तर असंच होणार. प्रत्येक मेलला एक ओळख क्रमांक असतो. लिस्टवरून परत आलेली प्रत आणि ‘सेंट’मधली प्रत यांचा क्रमांक एकच दिसला की जीमेल ती इनबॉक्समध्ये पुन्हा दाखवत नाही. मेल गेलेला असतो, बाकीच्यांना मिळालेला असतो. कोणीतरी उत्तर दिलं की सगळा धागा वर येतो. त्या सभासदाला संग्रह-पानाचा दुवा द्या आणि कामाला लागा.

पायरी ३: पाकीट वेगळं, पत्र वेगळं

पुढचं काही समजून घ्यायचं तर एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. प्रत्येक मेलला दोन ‘प्रेषक’ असतात. एक पाकिटावरचा, दुसरा आतल्या पत्रावरचा. तुम्हाला पडद्यावर दिसतो तो पत्रावरचा, म्हणजे ‘फ्रॉम’मधला. सर्व्हर एकमेकांशी बोलताना वापरतात तो पाकिटावरचा. मेल परत आला, म्हणजे बाउन्स झाला, तर तो पाकिटावरच्या पत्त्यावर जातो. मेलची देवाणघेवाण ज्या नियमांवर चालते ते एसएमटीपी १९८२मध्ये लिहिलं गेलं, आणि पाकिटावर किंवा पत्रावर लिहिलेलं नाव खरं आहे का हे तपासायची सोय त्यात नव्हतीच. तेव्हा जाळ्यावर मोजकी माणसं होती, गरज वाटली नाही. पुढची सगळी ठिगळं त्यामुळे लावावी लागली.

मेलिंग लिस्ट काय करते? सभासदाचं पत्र उघडते, नवं पाकीट घेते, त्यावर प्रेषक म्हणून स्वतःचा पत्ता घालते आणि सहाशे जणांना धाडते. पत्रावर नाव मात्र मूळ लिहिणाऱ्याचंच राहतं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण फिल्टरच्या नजरेने बघा: पाकीट एकाकडून, सही दुसऱ्याची, आणि शेकडो प्रती. हुबेहूब भामट्याची चाल.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर जीमेल कॉम्प्युटरवर उघडा, लिस्टवरून आलेला कुठलाही मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर जा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. वर एक छोटा तक्ता दिसतो: एसपीएफ, डीकिम, डीमार्क, आणि प्रत्येकापुढे पास किंवा फेल. खाली हेडरचा, म्हणजे मेलबरोबर येणाऱ्या तांत्रिक नोंदींचा, लांबलचक मजकूर. त्यात ‘रिसीव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या, कारण प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का सगळ्यांत वर मारतो. दोन शिक्क्यांच्या वेळांत मोठी फट दिसली की मेल कुठे रेंगाळला ते कळलं. वेळ वाचताना पुढचा टाइमझोन बघायला विसरू नका. मी एकदा सहा तासांचा ‘उशीर’ शोधत अर्धा दिवस घालवला होता. उशीर नव्हताच, दोन सर्व्हरची घड्याळं वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये होती.

पायरी ४: एसपीएफ, डीकिम, डीमार्क, आणि लिस्टचं मूळ दुखणं

या तिन्ही नावांना घाबरायचं कारण नाही.

एसपीएफ म्हणजे डोमेनच्या (पत्त्यातल्या @नंतरच्या नावाच्या) मालकाने जाहीर केलेली यादी: माझ्या नावाची पाकिटं फक्त या सर्व्हरांवरून निघतात. तपासणी पाकिटाची होते, पत्राची नाही. तुमच्या लिस्टच्या डोमेनला ही नोंद असायलाच हवी, आणि ती एकच असायला हवी. दोन नोंदी टाकल्या तर दोन्ही निकामी. एका नोंदीतून दुसरीकडे बोट दाखवत डीएनएसला, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेला, किती वेळा विचारायला लावायचं याला १०ची मर्यादा आहे. दर नव्या सेवेबरोबर एकेक नाव जोडत गेलं की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि काल चालणारी नोंद आज फेल व्हायला लागते.

डीकिम म्हणजे मोहोर. पाठवणारा सर्व्हर मजकूर आणि काही हेडर मिळून एक डिजिटल सही करतो. पोचणाऱ्या मेलमध्ये त्यातलं एक अक्षर बदललेलं असलं तरी मोहोर तुटते.

डीमार्क म्हणजे पत्रावरच्या नावाचा जाब. तो विचारतो: ‘फ्रॉम’मध्ये ज्या डोमेनचं नाव आहे, त्याच डोमेनचा एसपीएफ किंवा त्याच डोमेनची डीकिम मोहोर पास झाली का? दोन्हींपैकी एक तरी जुळली पाहिजे. नाही जुळली तर काय करायचं हे डोमेनचा मालक सांगून ठेवतो: काही करू नका, स्पॅममध्ये टाका, किंवा दारातूनच परत पाठवा. या तिसऱ्या पर्यायाला ‘रिजेक्ट’ म्हणतात.

आता हे लिस्टला लावून बघा. पाकीट लिस्टचं, म्हणून एसपीएफ पास होतो, पण लिस्टच्या डोमेनसाठी. पत्रावरच्या नावाशी तो जुळत नाही. राहिली मोहोर. लिस्टने विषयाच्या आधी कंसात ग्रुपचं नाव लावलं आणि तळाशी ‘नाव काढण्यासाठी इथे जा’ अशी ओळ जोडली. मोहोर तुटली. दोन्ही आधार गेले, डीमार्क फेल. तक्त्यात ‘एसपीएफ पास’ असं हिरवं अक्षर दिसत असताना डीमार्क फेल का, हे कोडं नव्या माणसाला छळतं. उत्तर हे: पास झाला, पण भलत्याच्या नावाने.

एप्रिल २०१४मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी ‘रिजेक्ट’ जाहीर केलं, त्याच महिन्यात एओएलनेही. चोरलेल्या ॲड्रेसबुकांवरून त्यांच्या ग्राहकांच्या नावाने स्पॅमचा पूर आला होता, म्हणून हा उपाय. पण यात जगभरच्या मेलिंग लिस्टा होरपळल्या. याहूवरच्या सभासदाने लिस्टवर लिहिलं की जीमेल, हॉटमेलसारख्या सेवा डीमार्क तपासून ते पत्र नाकारायच्या. नाकारलेलं पत्र लिस्टकडे बाउन्स म्हणून यायचं. लिस्टला वाटायचं, घेणाऱ्याचाच मेलबॉक्स बिघडलाय, आणि असे बाउन्स साठले की ती घेणाऱ्याला बंद करायची. लिहिणारा याहूचा, नाव कटलं जीमेलवाल्याचं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

उपाय तीन आहेत, आणि कुठला निवडायचा यावर ॲडमिन मंडळी अजून भांडतात.

पहिला, ‘फ्रॉम’ बदलणे. पत्रावर मूळ माणसाच्या नावापुढे ‘व्हाया अमुक ग्रुप’ असं येतं आणि पत्ता लिस्टचा होतो. मूळ पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये किंवा सीसीत जातो. मेलमन या लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय ‘मंज फ्रॉम’ या नावाने आहे, आणि ती फक्त ज्यांच्या डोमेनला कडक डीमार्क आहे त्यांच्यापुरती लावता येते. गूगल ग्रुप्स असा बदल आपणहून करतं. नव्या ॲडमिनने हाच पर्याय घ्यावा. मात्र त्यात एक खड्डा आहे. मेलचे ॲप पत्ते आपोआप लक्षात ठेवतात. मग ‘रमाताई व्हाया ग्रुप’ या नावाखाली लिस्टचा पत्ता जपून ठेवला जातो, आणि दोन महिन्यांनी कोणीतरी ‘रमा’ एवढंच टाइप करून घरगुती मजकूर सहाशे लोकांना पाठवतं. आमच्याकडे एका सभासदाने असंच दुसऱ्या सभासदाबद्दलचं आपलं स्पष्ट मत सगळ्यांना कळवलं होतं. ते दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

दुसरा उपाय म्हणजे पत्राला हातच न लावणे. विषयात ग्रुपचं नाव नाही, तळाला ओळ नाही, जोडपत्रांची काटछाट नाही. मूळ मोहोर शाबूत राहते आणि डीमार्क आपोआप पास होतो. तांत्रिकदृष्ट्या हा सगळ्यांत सरळ मार्ग, आणि मला मनापासून आवडणारा. पण विषयातलं कंसातलं नाव काढलं की सभासद ओरडतात. आम्ही तीन आठवडे करून पाहिलं आणि गुपचूप मागे आलो.

तिसरा, एआरसी. इथे लिस्टचा सर्व्हर एक साखळी जोडतो: माझ्याकडे आलं तेव्हा हे पत्र अस्सल होतं, नंतर मी बदल केला. हे मानक २०१९मध्ये प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध झालं. अडचण अशी की घेणाऱ्या सर्व्हरचा तुमच्यावर विश्वास असेल तरच या साक्षीला किंमत. सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर जरूर चालू करा, पण केवळ त्याच्या भरवशावर पहिला उपाय काढून टाकू नका.

आणि कुठलाही मार्ग घेतला तरी लिस्टच्या सर्व्हरने बाहेर जाणाऱ्या मेलवर स्वतःची डीकिम मोहोर मारायलाच हवी.

पायरी ५: बाउन्स वाचायला शिका

बाउन्सचा मेल आला की लोक तो न वाचता पुसतात. त्याच्या इंग्रजी मजकुराच्या भिंतीत कामाचे आकडे दोनच असतात. पहिला तीन अंकी. ४ने सुरू होणारा म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर ये’. ५ने सुरू होणारा म्हणजे ‘येऊच नकोस’. त्याला लागून टिंबांचा आकडा असतो, तो कारण सांगतो. ५.१.१ म्हणजे असा मेलबॉक्स नाही. ५.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरलाय. ५.७ने सुरू होणारं काहीही म्हणजे सुरक्षा किंवा धोरण: तुमच्यावर, तुमच्या सर्व्हरवर किंवा मेलच्या अस्सलपणावर संशय. पहिल्या दोन प्रकारांत दोष घेणाऱ्याच्या बाजूला. तिसऱ्यात बहुतेक वेळा आपल्या बाजूला.

४चा आकडा दिसला तर घाबरू नका. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला मुद्दाम एकदा ‘नंतर ये’ म्हणतात. घाईतला स्पॅमर पुन्हा येत नाही, खरा सर्व्हर येतो. त्याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. तुमचा सर्व्हर चार-पाच दिवस थांबून थांबून प्रयत्न करत राहतो, त्याला करू द्या. मधेच मेल पुन्हा पाठवलात तर दोन प्रती जातील.

मेलमनचा बाउन्सचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. कायमच्या नकाराला १ गुण, तात्पुरत्याला अर्धा, आणि एका दिवसात कितीही बाउन्स आले तरी मोजणी एकदाच. सात दिवस काही बाउन्स आला नाही की पाटी कोरी. गुण ५ झाले की त्या सभासदाचे मेल बंद, मग आठवड्याच्या अंतराने तीन सूचना, आणि शेवटी नाव रद्द. या मूळच्या मांडणीत मी फारशी ढवळाढवळ करत नाही. पण एका सकाळी ‘बंद केलेल्या’ सभासदांची यादी अचानक लांबलेली दिसली तर ती सगळी माणसं एकाच दिवशी मेली असं होत नाही. यादीवर नजर टाका. सगळे एकाच डोमेनचे दिसतील. म्हणजे त्या डोमेनने तुम्हाला अडवलंय. अशा वेळी बाउन्सची आपोआप कारवाई आधी थांबवा, कारण शोधा, नावं परत चालू करा. कारण बहुधा ५.७च्या ओळीतच लिहिलेलं असतं, कधी कधी कुठल्या पानावर जाऊन सुटका मागायची त्याच्या दुव्यासकट. सर्व्हरचा आयपी पत्ता स्पॅमहाउससारख्या ब्लॉकलिस्टवर, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीवर, चढलाय का तेही तिथेच कळतं. सामायिक सर्व्हर असेल तर पाप शेजाऱ्याचं असू शकतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

आणखी एक प्रकार: बाउन्समधला पत्ता तुमच्या लिस्टवर नाहीच. हे बहुतेक वेळा मेल पुढे पाठवण्याचं, म्हणजे फॉरवर्डिंगचं प्रकरण असतं. सभासदाने जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळण लावलंय आणि नवा मेलबॉक्स नाकारतोय. शोधायचं कसं? लिस्टला व्हर्प चालू करायला सांगा. मग प्रत्येक सभासदासाठी पाकिटावरचा प्रेषक पत्ता वेगळा बनतो, त्यातच सभासदाचा पत्ता गुंफलेला असतो. बाउन्स कुठूनही येवो, तो कुठल्या पत्त्यावर परत आला ते पाहिलं की माणूस सापडला. डॅनियल बर्नस्टीन यांनी १९९७मध्ये मांडलेली ही युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे.

पायरी ६: सभासदाला फिल्टर नीट लावून द्या

बहुतेक लोक फिल्टर लावतात ते विषयातल्या ग्रुपच्या नावावर, किंवा दोन-चार नेहमीच्या लेखकांच्या पत्त्यांवर. दोन्ही कच्चे. विषय कोणीही बदलतो, लेखक रोज नवे. लिस्टच्या प्रत्येक मेलमध्ये ‘लिस्ट-आयडी’ नावाचं हेडर असतं. ते २००१मध्ये नेमकं यासाठीच ठरवलं गेलं, आणि लिस्टचा पत्ता किंवा सर्व्हर बदलला तरी ते तेच ठेवता येतं. फिल्टर त्यावरच लावायचा.

जीमेलवर: लिस्टचा एखादा मेल उघडा, तीन टिंबं, ‘फिल्टर मेसेजेस लाइक दीज’. लिस्टची ओळख आपोआप भरलेली दिसेल. पुढच्या पानावर ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ला खूण करा. ही एक खूण नव्या सभासदाच्या निम्म्या कटकटी मिटवते. हवं तर लेबल लावा. ‘स्किप द इनबॉक्स’ मात्र विचार करून. हीच खूण लावून सहा महिन्यांनी "लिस्ट बंद पडली का?" असं विचारणारे मला भेटलेत. आउटलुकमध्ये रूल बनवताना ‘मेसेज हेडर’ची अट घ्यायची. थंडरबर्डमध्ये फिल्टरच्या यादीत ‘लिस्ट-आयडी’ हे हेडर आधी स्वतः जोडावं लागतं.

एवढं करूनही काही मेल फिल्टरमधून निसटतात, आणि त्याचं कारण गमतीशीर आहे. कोणीतरी ‘रिप्लाय ऑल’ केलं, त्यात लिस्टही होती आणि तुमचा पत्ताही. मेलमन बघतं की या माणसाला मेल थेट जातोच आहे, दुसरी प्रत कशाला? म्हणून ते तुमची प्रत रोखतं. तुम्हाला मिळते ती थेट आलेली, जिच्यावर लिस्टचं कुठलंच हेडर नाही. फिल्टर बरोबर आहे, त्याला पकडायला काही नाही एवढंच. सभासदाच्या सेटिंगमध्ये दुहेरी प्रती टाळण्याचा पर्याय बंद केला की लिस्टची प्रतही येऊ लागते.

आधीच स्पॅममध्ये गेलेले मेल जीमेल ३० दिवसांनी पुसतं. म्हणून "स्पॅममध्ये बघा" हे सांगायला उशीर करू नका, आणि सापडल्यावर नुसतं वाचून सोडू नका, ‘नॉट स्पॅम’ दाबायला लावा.

पायरी ७: स्पॅमचं बटण दुसऱ्याच्या हातात असतं

कंटाळलेला सभासद नाव काढून घ्यायचा मार्ग शोधत बसत नाही. तो ‘स्पॅम’ दाबतो, तेच जवळ असतं. तो दाब त्याच्यापुरता राहत नाही, लिस्टच्या डोमेनच्या खात्यावर जमा होतो. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. गूगलचं म्हणणं असं: स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा, ०.३ टक्क्याला कधीच पोचू देऊ नका. ०.३ टक्के म्हणजे हजार मेलमागे तीन बोटं. आणि दिवसाला जीमेलच्या खात्यांवर ५,००० किंवा अधिक मेल जात असतील तर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही हवेत. ५,००० ऐकून छोट्या लिस्टवाले हसतात. हिशोब करा: सहाशेपैकी चारशे सभासद जीमेलवर, आणि एखाद्या वादाच्या दिवशी तेरा उत्तरं. ५,२०० झाले.

म्हणून नाव काढणं सोपं करा. ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ हेडर चालू ठेवा, आणि सॉफ्टवेअर देत असेल तर एका टिचकीत नाव निघण्याची सोयही. म्हणजे मेल ॲपच वरच्या बाजूला तसं बटण दाखवतं. नाव काढून घेणाऱ्याला "का बरं जाताय?" विचारणारे तीन पानांचे फॉर्म लावू नका.

नाव घालतानाही तेवढंच कडक राहा. कोणाच्या हस्तलिखित यादीवरून पत्ते उतरवून परस्पर सभासद करू नका. त्यात चुकीचे पत्ते असतात, बंद पडलेले असतात, आणि स्पॅमरांना पकडायला मुद्दाम पेरलेलेही असू शकतात. पत्त्यावर खातरजमेचा मेल जावा, त्यातला दुवा उघडला तरच नाव चढावं.

मजकुराबद्दल फार बोलत नाही, कारण ‘फुकट’ हा शब्द लिहिला म्हणून मेल स्पॅममध्ये जातो वगैरे दंतकथा आहेत. फिल्टर सगळं मिळून तोलतो. दोन सवयी मात्र खरंच महागात पडतात: छोटे केलेले दुवे, कारण त्यांच्या मागे काय आहे हे फिल्टरला कळत नाही आणि अशा दुव्यांवर भामट्यांचा वावर दांडगा, आणि "असा फसवा मेल आलाय, सावध राहा" म्हणून तो फसवा मेलच जसाच्या तसा लिस्टवर टाकणं. तो दुवा ज्या यादीत काळा झालेला असतो, तीच यादी आता तुमच्या लिस्टलाही लागू होते. स्क्रीनशॉट टाका.

बदल केल्यावर

वेगवेगळ्या तीन मेलसेवांवर स्वतःची तीन खाती काढून ती लिस्टवर सभासद करून ठेवा. त्यातलं एक तरी कडक डीमार्कच्या डोमेनवरचं असू द्या, याहू त्यासाठी सोयीचं. सेटिंगमध्ये एका वेळी एकच बदल करा, आधीची स्थिती वहीत लिहा, मग तिन्ही खात्यांवरून एकेक मेल टाका आणि बाकीच्या दोन्हीकडे तो कुठे पोचला ते बघा: इनबॉक्स, स्पॅम की कुठेच नाही. जीमेलवर तोच तक्ता पुन्हा उघडा. डीमार्कपुढे पास दिसला, आणि याहूवरून टाकलेला मेल जीमेलच्या इनबॉक्समध्ये आला, की काम झालं. न येणाऱ्या खात्याचा बाउन्स ॲडमिनच्या पत्त्यावर आलेला असेल. तो उघडा, आकडा बघा, आणि पाचव्या पायरीवर या.